तापमान चढले, पण उष्णता वाढली का?

पांढऱ्या ॲल्युमिनाची एक वीतभर लांबीची नळी. आत ग्रॅमभर निकेलची भुकटी आणि तापवल्यावर हायड्रोजन सोडणारे एक संयुग. सोबत विजेच्या तारेची वेटोळी. वीज सुरू केली की नळी तापत जाते, लाल होते, मग पिवळसर झगझगू लागते. येथपर्यंत नवल काहीच नाही. शाळेतल्या विजेच्या शेगडीतही हेच होते. पण या नळीचे समर्थक पुढे असे सांगतात की, तिला जितकी विद्युतऊर्जा दिली जाते त्याच्या तिप्पटसाडेतिप्पट ऊर्जा ती उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते. वरची दुप्पट-अडीचपट ऊर्जा निकेलची व हायड्रोजनची अणुकेंद्रे एकत्र येण्यातून मिळते, असा दावा आहे. यालाच 'शीत संमीलन' म्हणतात.

दावा खरा असता तर जगातील कोळसा, तेल आणि धरणे यांचा सारा हिशेब बदलून गेला असता. म्हणूनच त्यावर पैसा लागला, पेटंटे मागितली गेली, न्यायालयात खटलेही झाले. या लेखात आपण अणुकेंद्रांपेक्षा एका साध्या गोष्टीकडे लक्ष देणार आहोत: या नळीत उष्णता कशी वाहते, आणि ती किती वाहते हे कळते कसे? इयत्ता आठवी-नववीत आपण शिकवतो त्या वहन, अभिसरण व प्रारण या तीन शब्दांतच या वादाचा बराचसा निकाल दडलेला आहे.

थोडा इतिहास

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन व स्टॅनली पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले की, जड पाण्याच्या विद्युत अपघटनात पॅलेडियमच्या कांडीतून अनाकलनीय जास्तीची उष्णता मिळते. जगभर धावपळ उडाली. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही, पी. के. अय्यंगार संचालक असताना, अनेक गटांनी त्याच वर्षी प्रयोग केले. तेथे भर होता तो मुख्यतः न्यूट्रॉन व ट्रिटियम यांच्या मापनावर. पुढील काळात बहुतेक प्रयोगशाळांना युटाचा निष्कर्ष पडताळता आला नाही आणि विषय मागे पडला.

निकेल आणि साधा हायड्रोजन यांची जोडी पुढे आली ती इटलीत. सर्जिओ फोकार्डी, फ्रांचेस्को पियान्तेल्ली व त्यांच्या सहकाऱ्याने १९९४ मध्ये असा निबंध प्रसिद्ध केला की, हायड्रोजनमध्ये ठेवून तापवलेल्या निकेलच्या कांडीतून जास्तीची उष्णता निघते. २०११ मध्ये आंद्रेआ रॉसी यांनी बोलोन्या येथे 'ई-कॅट' नावाचे उपकरण लोकांसमोर मांडले, तेही निकेल-हायड्रोजनचेच.

अणुकेंद्रीय बाजूची अडचण थोडक्यात सांगून ठेवू. निकेलच्या केंद्रकावर २८ धन प्रभार असतात. प्रोटॉनला त्याच्याजवळ जायचे तर प्रचंड प्रतिसारण ओलांडावे लागते, आणि हजार-दीड हजार अंश तापमान त्यासाठी अगदीच तोकडे आहे. समजा, काही अज्ञात कारणाने ते घडलेच. निकेल-६२ मध्ये एक प्रोटॉन मिसळून तांबे-६३ होताना सुमारे ६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते. अशा क्रियांतून २००० वॅट मिळवायचे तर दर सेकंदाला सुमारे २ वर १५ शून्ये इतक्या क्रिया व्हायला हव्यात. त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांपुढे, जाड शिशाच्या भिंतीशिवाय, निरीक्षकांना उभे राहता आले नसते. ते तर शेजारी खुर्च्या टाकून बसले होते.

तरीही 'सिद्धांतात बसत नाही म्हणून खोटे' असे म्हणून थांबणे बरोबर नाही. किरणोत्सर्गही एके काळी कोणत्या सिद्धांतात बसत नव्हता. तेव्हा मोजमापाकडेच वळावे.

टाकी आणि तिची तोटी

येथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी लागते. या प्रयोगांत उष्णता थेट मोजली जात नाही. मोजले जाते ते तापमान, आणि त्यावरून उष्णतेचा अंदाज केला जातो.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून नळाचे पाणी पडते आहे, खालच्या तोटीतून वाहून जाते आहे. काही वेळाने पातळी एका जागी स्थिर होते, कारण जितके येते तितकेच जाते. आता पातळी अचानक वाढली, तर काय समजावे? नळाला जास्त पाणी आले असेल. पण तोटीत कचरा अडकला असेल, तरीही पातळी वाढेलच. नुसती पातळी पाहून दोन्हींत फरक करता येत नाही. टाकीतील पातळी म्हणजे तापमान, नळ म्हणजे उष्णतेचा स्रोत, आणि तोटी म्हणजे उष्णता बाहेर जाण्याच्या वाटा.

१९९४ च्या प्रयोगात नेमके असे दिसले होते की, निकेलने हायड्रोजन शोषून घेतल्यावर, वीज तेवढीच असूनही कांडीचे तापमान चढले. संशोधकांनी अर्थ लावला की नळाला पाणी वाढले. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील एका गटाने १९९६ मध्ये तशीच मांडणी करून पाहिली. तापमानातील बदल त्यांनाही दिसला. पण आत उष्णतेचा नवा स्रोत आहे, या अर्थाला त्यांच्या मोजमापांनी दुजोरा दिला नाही.

तोटी कशामुळे अरुंद होऊ शकते? निकेलवर ऑक्साइडचा काळपट थर असतो. काहीशे अंश तापमानाला हायड्रोजन तो थर काढून टाकतो व खाली चकचकीत धातू उघडा पडतो. चकचकीत पृष्ठभागावरून प्रारण कमी होते. म्हणजे उष्णतेची एक वाट आक्रसली. तेवढ्याच विजेत कांडी जास्त तापणारच. दुसरी वाट हायड्रोजन वायूची. तिच्याविषयी जरा सविस्तर बोलले पाहिजे.

भुकटीच्या आत

हायड्रोजन हा उष्णतेचा उत्तम वाहक वायू आहे. खोलीच्या तापमानाला त्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे सातपट असते. अर्थात 'उत्तम' हे वायूंमध्ये! घन निकेलची वाहकता सुमारे ९० वॅट प्रति मीटर प्रति केल्विन, तर हायड्रोजनची जेमतेम ०.१८.

मग हायड्रोजनमध्ये ठेवलेली निकेलची भुकटी कशासारखी वागेल? पुष्कळ विद्यार्थी म्हणतात, निकेलसारखी, धातूच तो! प्रत्यक्षात ती वायूच्या बाजूला झुकते. कण एकमेकांना फक्त टोकाटोकांशी टेकलेले असतात आणि उष्णतेला एका कणातून दुसऱ्यात जाताना दर वेळी वायूची फट ओलांडावी लागते. भुकटीची एकूण वाहकता त्यामुळे वायूच्या काही पट, म्हणजे घन निकेलच्या पन्नास ते शंभर पटींनी कमी एवढीच भरते. चुलीतला निखारा रात्री राखेखाली झाकून ठेवला की पहाटे फुंकर घालून पुन्हा फुलवता येतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. राखेने हवा अडते हे खरेच, पण उष्णताही अडते, ती त्या बारीक कणांमधल्या फटींमुळे.

आणखी एक बारकावा. वायूची उष्णतावाहकता दाबावर अवलंबून नसते, असे पुस्तकात लिहिलेले असते. दाब निम्मा केला की उष्णता वाहणारे रेणू निम्मे होतात, पण प्रत्येक रेणू टक्कर होईपर्यंत दुप्पट अंतर जातो. हिशेब सारखाच राहतो. पण फटच इतकी अरुंद असेल की रेणू दुसऱ्या रेणूला धडकण्याआधी समोरच्या कणावर आदळतो, तर ही भरपाई होत नाही. वातावरणाएवढ्या दाबाला, हजार अंशांच्या आसपास, हायड्रोजनच्या रेणूचा दोन टकरींमधला मार्ग सुमारे अर्ध्या मायक्रॉनचा असतो आणि भुकटीतल्या फटी एक-दोन मायक्रॉनच्याही असू शकतात. म्हणून निकेलने हायड्रोजन शोषला व दाब उतरला की भुकटीची वाहकताही उतरते. मधोमध तापमापक खोचलेला असेल तर त्याचा काटा वर जातो. नव्या उष्णतेचा एक कणही निर्माण न होता!

वाफ: कोरडी की ओली?

२०११ च्या प्रात्यक्षिकांत उष्णता मोजण्याची तऱ्हा वेगळी होती. उपकरणात थंड पाणी सोडायचे, दुसऱ्या टोकाने वाफ बाहेर पडते ती पाहायची. तासाला ६ किलोग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ५६० वॅट पुरतात. तेच सगळे पाणी वाफेत बदलायचे तर अप्रकट उष्म्यापोटी आणखी ३७६० वॅट लागतात. म्हणजे 'सारे पाणी वाफ झाले' असे मानले तर उत्तर ४३०० वॅट, आणि 'बहुतेक पाणी नुसते उकळते होऊन वाहून गेले' असे मानले तर सहाशेच्या आसपास. दोन्ही वेळा तापमापक १०० अंशच दाखवणार.

डोळ्यांनी पाहून हे ठरत नाही. १०० अंशांच्या वाफेला तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. नळीतून येणाऱ्या मिश्रणात आकारमानाने शेकडा एक भाग पाणी असेल, तर वजनाने ते वाफेच्या सोळापट भरते. बाहेर पडणारी वाफ बादलीतील थंड पाण्यात जिरवून त्या पाण्याचे तापमान किती वाढले हे मोजले असते, तर अर्ध्या तासात शंका फिटली असती. हा प्रयोग आपल्याकडे अकरावीचे विद्यार्थी प्रात्यक्षिकाच्या वहीत लिहितात.

कॅमेऱ्याने पाहिलेली नळी

सर्वांत बोलका दाखला आहे तो २०१४ मधला, स्वित्झर्लंडमधील लुगानोचा. इटली व स्वीडनमधील काही प्राध्यापकांनी रॉसी यांची ॲल्युमिनाची नळी ३२ दिवस चालवली. येथे पाणी नव्हते. उघड्या हवेत ठेवलेली नळी आणि तिच्याकडे रोखलेला अवरक्त कॅमेरा. वीज ८०० ते ९०० वॅटच्या दरम्यान. कॅमेऱ्याने पृष्ठभागाचे तापमान १२६० व नंतर १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास सांगितले. एवढ्या तप्त नळीतून प्रारणाने व अभिसरणाने किती उष्णता जाईल, याचे गणित केले तर ते विजेच्या ३.२ ते ३.६ पट आले. अहवालानुसार एकूण जास्तीची ऊर्जा दीड हजार किलोवॅट-तास.

आता कॅमेरा तापमान कसे ओळखतो ते पाहू. तो तापमान पाहत नाही. त्याला ७.५ ते १३ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यातील प्रारण दिसते. वस्तूची उत्सर्जकता किती, म्हणजे आदर्श काळ्या वस्तूच्या मानाने ती किती प्रारण सोडते, हे आपण त्याला सांगायचे. मग तो तापमान काढतो. उत्सर्जकता कमी सांगितली की तो समजतो, 'ही वस्तू कंजूष आहे, तरी इतके प्रारण येते आहे, तेव्हा ती फारच तापलेली असली पाहिजे.'

लुगानोत कॅमेऱ्याला सुमारे ०.४ हा आकडा दिला गेला. आकडा पुस्तकातला आणि खराच आहे, पण तो सर्व तरंगलांबी मिळून येणाऱ्या एकूण उत्सर्जकतेचा. ॲल्युमिना दृश्य प्रकाशात पांढरी दिसते व एक-दोन मायक्रॉनच्या भागातही ती फारसे शोषत नाही, फारसे उत्सर्जित करत नाही. खूप तापलेल्या वस्तूचे बहुतेक प्रारण त्याच भागात येते, म्हणून तिची एकूण उत्सर्जकता ०.४ पर्यंत उतरते. पण १० मायक्रॉनच्या आसपास ॲल्युमिनाच्या स्फटिकातील अणूंची कंपने प्रारण जोरात शोषतात. तेथे ती जवळजवळ काळी आहे, उत्सर्जकता ०.९ किंवा त्याहूनही जास्त. डोळ्याला पांढरी नळी कॅमेऱ्याला काळी! कॅमेऱ्याला हा दुसरा आकडा द्यायला हवा होता.

चुकीचा परिणाम किती? ०.९ भागिले ०.४ म्हणजे सव्वादोन. प्लांकच्या सूत्रात १० मायक्रॉन ही तरंगलांबी घालून पाहिले की १४०० अंशांना मिळणारे प्रारण ७५० अंशांच्या प्रारणाच्या साधारण सव्वादोन पटच भरते. म्हणजे कॅमेऱ्याने १४०० म्हटले तेव्हा नळी खरोखर साडेसातशे अंशांच्या आसपास होती. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे.

पुढची पायरी याहून घातक आहे. एकूण प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. १४०० अंश सेल्सिअस म्हणजे १६७३ केल्विन, ७५० म्हणजे १०२३. गुणोत्तर १.६४, आणि त्याचा चौथा घात सातपेक्षा जास्त. नळीचा व्यास २ सेंमी व लांबी २० सेंमी धरली तर पृष्ठफळ सुमारे १२६ चौरस सेंमी होते. १६७३ केल्विनला, ०.४ उत्सर्जकतेने, दर चौरस सेंमीतून सुमारे १८ वॅट, म्हणजे एकूण २२५० वॅट केवळ प्रारणाने. तेच १०२३ केल्विनला, या तापमानाची एकूण उत्सर्जकता ०.६५ धरून, दर चौरस सेंमीतून ४ वॅट, म्हणजे एकूण ५०० वॅट. यात हवेच्या अभिसरणाने आणि नळीच्या टोकांकडून जाणारी उष्णता मिळवा: बेरीज दिलेल्या विजेच्या जवळ येऊन थांबते. जास्तीचे काही उरत नाही.

एक प्रश्न विद्यार्थीही विचारतील: रिकामी नळी तापवून तुलना का केली नाही? केली होती, पण बऱ्याच कमी शक्तीवर. पूर्ण ९०० वॅटवर बिनइंधनाची नळी चालवली असती तर तीही कॅमेऱ्याला १४०० अंशांचीच दिसली असती.

उलट दिशेने हिशेब

क्षणभर मानू की १४०० हाच आकडा खरा आणि २००० वॅट आतल्या भुकटीतून येत आहेत. मग ती उष्णता नळीच्या भिंतीतून वहनाने बाहेर यायला हवी, आणि त्यासाठी आतली बाजू बाहेरच्यापेक्षा तप्त हवी. छिद्र ४ मिमी व्यासाचे मानू. एवढ्या तापमानाला ॲल्युमिनाची वाहकता सुमारे ६ वॅट प्रति मीटर प्रति केल्विनपर्यंत उतरलेली असते. पोकळ दंडगोलाचे सूत्र वापरले तर आतबाहेर सुमारे ४२५ अंशांचा फरक येतो. आतले तापमान १८०० अंशांच्या पुढे! निकेल १४५५ अंशांनाच वितळते. ॲल्युमिना थोडी पारभासक असल्याने काही उष्णता प्रारणाने पार जाईल, म्हणून फरक निम्माच धरू. तरी १६०० होतात. भुकटीच्या कणांची खास रचना हाच ज्या सिद्धांताचा आधार, त्याच्या नळीत भुकटीच शिल्लक राहत नाही, राहतो तो निकेलचा थेंब.

दुसरा मुद्दा तापक तारेचा. भुकटीला फक्त विशिष्ट तापमान हवे असते आणि बाहेर पडणाऱ्या उष्णतेपैकी दोनतृतीयांश ती स्वतःच देते, असे असेल, तर नळीभोवती विटांचे आवरण घालून बाहेर जाणारी उष्णता एकतृतीयांशाने कमी करावी. मग वीज बंद केली तरी तापमान टिकायला हवे. तार काढून टाकली, नळी तप्तच राहिली: यापेक्षा बिनतोड पुरावा कोणता? समर्थकांचे उत्तर असे की, तापमान वाढले की क्रियेचा वेग वाढतो, त्याने तापमान आणखी वाढते, म्हणून विजेचा लगाम लागतो. ओल्या गवताची गंजी किंवा कोळशाचा ढीग आतल्या आत तापून पेटतो तो अशाच चक्राने, तेव्हा उत्तर अगदीच हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मात्र धावत सुटणाऱ्या क्रियेला आवरायचे असते ते शीतन वाढवून. तापक तारेने लगाम घालणारी भट्टी आम्ही तरी अन्यत्र पाहिली नाही.

रॉसी यांचा व त्यांच्या अमेरिकी गुंतवणूकदारांचा वाद २०१६ मध्ये फ्लोरिडातील न्यायालयात गेला आणि २०१७ मध्ये तडजोडीने मिटला. विज्ञानाच्या दृष्टीने अधिक मोलाचे काम गूगलच्या अर्थसाहाय्याने काही विद्यापीठांनी व प्रयोगशाळांनी केले. त्यांनी उच्च तापमानाला चालणारे कॅलरीमापी खास बनवले आणि हायड्रोजनमध्ये तापवलेल्या धातूंच्या भुकटीचे ४२० नमुने तपासले. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार एकाही नमुन्यात जास्तीची उष्णता आढळली नाही.

वर्गात करून पाहा

चकचकीत स्टीलच्या पेल्यावर काळ्या विद्युतरोधक चिकटपट्टीचा तुकडा लावा व पेल्यात कढत पाणी ओता. आता न टेकवता तापमान सांगणारा अवरक्त तापमापक आधी पट्टीवर व मग उघड्या स्टीलवर रोखा. (कोविडच्या साथीत कपाळापुढे धरत ते उपकरण चालणार नाही, त्याची कक्षा शरीराच्या तापमानापुरतीच असते; वायरमन वापरतात तो घ्यावा.) पट्टीवरचा आकडा पाण्याच्या तापमानाजवळ असेल. स्टीलवरचा बराच कमी दिसेल, आणि समोर तळहात धरला तर बदलेलही. पेला तर एकच आहे.

दुसरा प्रयोग. दोन सारखे पत्र्याचे डबे घ्या. एक बाहेरून काजळीने काळा करा, दुसरा घासून चकचकीत ठेवा. प्रत्येकात पंधरा वॅटचा जुन्या धर्तीचा तारेचा दिवा लावा, झाकणातून तापमापक आत सोडा, पंखा बंद करा आणि पाऊणएक तास थांबा. चकचकीत डब्यातला पारा वर चढून स्थिरावेल. दोन्ही दिव्यांची वीज सारखीच आहे हे मीटरवर दाखवून मगच मुलांना कारण विचारा, आणि मुलांनी आपापले उत्तर वहीत लिहीपर्यंत टाकीचे उदाहरण सांगू नका.